सॅनिटायझर वापरूनही बिअर आंबट का होते?

प्रश्न असा आहे: घरी बनवलेल्या बिअरची २० लिटरची बॅच, तळाशी तोटी असलेला प्लास्टिकचा फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं. दर वेळी सगळं सामान स्टार सॅन या आम्लाच्या सॅनिटायझरमधून काढलं जातं. बाटल्या भरताना बिअर चवीला छान असते. तीन-चार आठवड्यांनी मात्र ती आंबटसर आणि पाणचट लागते, झाकण काढताच फेस उसळतो आणि बाटलीच्या मानेत पांढरट कडं दिसतं. लागोपाठ दोन बॅचचं असं झालं. सॅनिटायझरचं प्रमाण वाढवावं, की सगळं सामान टाकून नवं घ्यावं?

दोन्हीची गरज नाही. पण त्याआधी उरलेल्या बाटल्यांकडे बघा, ते जास्त तातडीचं आहे. फेस उसळणाऱ्या बाटलीत दाब वाढतच चाललेला असतो आणि काचेची बाटली फुटली की तुकडे खोलीभर उडतात. सगळ्या बाटल्या आजच फ्रिजमध्ये हलवा. थंडीत आतल्या जंतूंचं काम मंदावतं, वायू बिअरमध्ये जास्त विरघळतो आणि दाब थोडा उतरतो. हलवताना जाड हातमोजे घाला, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा आणि उघडताना बाटलीभोवती टॉवेल गुंडाळा. हे मी नेहमी सगळ्यात आधी सांगते, कारण बाकी सगळ्या चुका पुढच्या बॅचमध्ये सुधारता येतात.

आता निदान. एक थंड बाटली उघडून बिअर भांड्यात ओता, ढवळून वायू पूर्ण घालवा, हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला आणा आणि ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता, मोजा. हा आकडा बाटल्या भरतानाच्या आकड्याशी ताडून बघा. समजा तेव्हा १.०१२ होती आणि आता १.००४ आहे, तर तुमच्या यीस्टने जी साखर सोडून दिली होती ती दुसऱ्या कुणीतरी खाल्ली आहे. बिअर पाणचट लागते ती त्यामुळे, आणि जादा वायूही त्यातूनच आला. ग्रॅव्हिटी जिथल्या तिथे असेल तर संसर्गाचा संशय जरा बाजूला ठेवा आणि प्रायमिंगच्या, म्हणजे वायू यावा म्हणून बाटल्या भरताना घालायच्या, साखरेचा हिशेब तपासा. साखर जास्त पडली असेल किंवा नीट मिसळली नसेल, तरीही बाटल्या उसळतात. फर्मेंटेशन पूर्ण व्हायच्या आधीच बाटल्या भरल्या असतील तर ग्रॅव्हिटी उतरलेली दिसेल, पण तेवढ्याने बिअर आंबट होत नाही आणि मानेत कडंही धरत नाही. तुमच्याकडे ही दोन्ही लक्षणं आहेत, त्यामुळे मी संसर्गच धरून चालते.

दुसरी खूण याहून कामाची आहे. सगळ्याच बाटल्या बिघडल्यात की मधल्या काहीच? दोन-चारच बिघडल्या असतील तर दोष त्या बाटल्यांचा; तळाला जुना गाळ वाळून चिकटलेला असतो आणि नुसत्या खळबळून टाकण्याने तो जात नाही. सगळ्या सारख्याच बिघडल्या असतील तर घाण अशा ठिकाणी आहे जिथून प्रत्येक थेंब गेला. म्हणजे फर्मेंटर, तोटी, नळी, बाटल्या भरायची कांडी, किंवा खुद्द यीस्ट. तुम्ही ‘बॅचचं असं झालं’ म्हणताय, त्यावरून हा दुसरा प्रकार वाटतो.

बिअर म्हणजे जंतूंच्या दृष्टीने तशी अवघड जागा. तिचा पीएच साधारण ४ ते ४.५, त्यात अल्कोहोल, ऑक्सिजन जवळपास नाही आणि हॉप्सच्या फुलांमधली कडवट आम्लं बऱ्याच जिवाणूंना वाढू देत नाहीत. म्हणूनच माणसाला आजारी पाडणारे जंतू तयार बिअरमध्ये सहसा तग धरत नाहीत. तुमची बिअर बिघडली आहे, पण ती विषारी झाल्याची भीती बाळगू नका. या सगळ्याला पुरून उरणारे मोजकेच आहेत. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस लॅक्टिक आम्ल तयार करतात. पेडिओकॉकस सोबत लोण्यासारखा वास आणतो आणि कधी कधी बिअर तेलकट, तार धरल्यासारखी होते. ॲसिटोबॅक्टर व्हिनेगर बनवतो, पण त्याला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे घट्ट झाकणाच्या बाटलीत त्याचं फारसं चालत नाही. शिवाय जंगली यीस्ट. ब्रेटानोमायसिस किंवा डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट आपल्या नेहमीच्या यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन्स (लांब साखळीच्या साखरा) हळूहळू संपवतं. तुमच्या बिअरमध्ये नेमका कोण शिरला हे प्रयोगशाळेशिवाय ठरवता येणार नाही, आणि ठरवायची गरजही नाही. उपाय सगळ्यांवर एकच आहे.

तो उपाय सॅनिटायझरच्या बाटलीत मिळत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. सॅनिटायझर जंतू मारतो तो स्वच्छ पृष्ठभागावर. ९९.९९९ टक्के जंतू मारल्याचा जो दावा असतो तो चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला. फटीतल्या वाळलेल्या थराला तो लागू होत नाही. पृष्ठभागावर प्रथिनं, हॉप्सचा राळेसारखा चिकट अंश आणि जुनं यीस्ट यांचा थर असेल, तर द्रावण वरच्यावर लागून ओघळून जातं. त्यात अशा थरांत जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण विणून बसतात. हे आवरण आम्लाला बराच काळ दाद देत नाही. वरचे मरतात, खालचे तसेच राहतात, आणि पुढच्या बॅचची वर्ट (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, न आंबवलेलं गोड पाणी) आली की पुन्हा वाढतात. तुम्ही सॅनिटायझर दुप्पट केलात तर वाया जाणारं द्रावण दुप्पट होईल, एवढंच. शिवाय ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घातलं की ‘न धुता वापरा’ हा भरवसाही उरत नाही.

आता तोटी. मला विचाराल तर तुमचा चोर तिथेच आहे. अशी तोटी बाहेरून अगदी लख्ख दिसते. तुम्ही तिच्यातून सॅनिटायझर सोडता, तो स्वच्छ बाहेर येतो, समाधान होतं. आता ती फर्मेंटरवरून सोडवा आणि कडकडीत गरम, पण उकळतं नव्हे अशा पाण्यात दहा मिनिटं ठेवा. प्लास्टिकच्या बऱ्याचशा तोट्यांमध्ये दोन भाग असतात: बाहेरचं कवच आणि आत फिरणारा दांडा. प्लास्टिक गरम होऊन सैल झालं की दांडा मागून अंगठ्याने दाबून बाहेर निघतो. त्याच्या अंगावर बोट फिरवा. बुळबुळीत लागेल. भोकाच्या भोवती पिवळट तपकिरी साय असेल, आणि नाकाजवळ नेलीत तर आंबूस, ओल्या फडक्यासारखा वास येईल. तोटी बंद असते तेव्हा या दोन भागांच्या मध्ये थोडीशी बिअर अडकून राहते, आणि सॅनिटायझर मधल्या भोकातून जातो, त्या फटीत शिरतच नाही. दर बॅचला तुमची सगळीच्या सगळी बिअर या सायीला घासून बाटलीत गेली आहे. भरताना चव चांगली असण्याचं कारणही हेच: संसर्ग त्या क्षणी झाला, वाढायला त्याला तीन आठवडे लागले.

स्टीलची बॉल व्हॉल्व्ह असेल तरी सुटका नाही. तिच्या गोळ्याच्या मागच्या पोकळीत असंच साठतं. तीन तुकड्यांची व्हॉल्व्ह बोल्ट काढून उघडता येते, म्हणून ती घ्यावी. उघडता न येणारी व्हॉल्व्ह मी फक्त उकळायच्या भांड्यावर ठेवते, फर्मेंटरवर कधीच नाही.

तोटी सोडवलीतच तर तिच्या दोन्ही बाजूंचे रबरी वॉशर काढून बघा, आणि वॉशरखाली दबलेली फर्मेंटरची भिंतही. मग झाकणाच्या खाचेतली रिंग आणि एअरलॉकचं (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी पाण्याची नळी) रबरी बूच. सायफनच्या (बिअर उपसायच्या नळीच्या) तळाची टोपी. बाटल्या भरायच्या कांडीचं टोक सुटं होतं आणि आत स्प्रिंग असते, ती बऱ्याच जणांनी कधी पाहिलेलीच नसते. बाटल्यांऐवजी केग (स्टीलचा पिंप) वापरत असाल तर दोन्ही पोस्ट (नळ्या जोडायची तोंडं), त्यांच्या आतले पॉपेट (स्प्रिंगच्या झडपा), डिप ट्यूब (तळापर्यंत जाणारी नळी) आणि प्रत्येक ओ-रिंग. माझा नियम साधा आहे: जे सुटं होतं ते सुटं करूनच धुवायचं, आणि जे सुटं होत नाही ते वर्ट थंड झाल्यानंतरच्या वाटेवर ठेवायचं नाही.

धुण्यासाठी सर्वात भरवशाचं म्हणजे सोडियम परकार्बोनेट, किंवा त्यावर आधारलेलं पीबीडब्ल्यूसारखं तयार मिश्रण. पाण्यात पडलं की परकार्बोनेटमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. सोडा चिकटपणा आणि प्रथिनं सैल करतो, पेरॉक्साइड डाग आणि वास काढतो. लिटरला ५ ते १० ग्रॅम, पाणी ५० ते ६० अंश सेल्सिअस, आणि निदान अर्धा तास भिजत. थर जुना असेल तर रात्रभर. थंड पाण्यात तेच काम फार हळू होतं. द्रावण काही तासांत आपला जोर गमावतं, त्यामुळे कालचं आज वापरू नका. हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमचं भांडं यात बुडवून ठेवू नका, ते काळं पडतं. काचेच्या थंड बरणीत एकदम गरम पाणी ओतलं तर ती तडकते, तेव्हा तिथे कोमट पाण्यापासून सुरुवात करा. नंतर भरपूर पाण्याने खळबळायचं. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर पांढुरकी पूड मागे राहते, ती सौम्य आम्लाच्या पाण्याने निघून जाते.

भांडी घासायचा साबण मी टाळते. सुगंध प्लास्टिकमध्ये मुरतो आणि साबणाचा अंश राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही.

वेळेचं महत्त्व रसायनापेक्षाही जास्त आहे. फर्मेंटर रिकामा झाला की त्याच तासात धुवा. फेसाचं कडं ओलं असताना पाण्याच्या जोरानेच निघतं. वाळलं की रात्रभर भिजवावं लागतं. बाटल्यांचंही तसंच: ग्लासात ओतल्याबरोबर तीनदा गरम पाण्याने खळबळून उपडी ठेवली, तर भरायच्या दिवशी ब्रशला हात लावावा लागत नाही. आणि काहीही ओलं असताना झाकण लावून ठेवायचं नाही. आत दमटपणा राहिला की आठवड्याभरात बुरशी येते.

स्टीलच्या भांड्यात बऱ्याच बॅचनंतर एक करडट खरखरीत पापुद्रा दिसू लागतो, त्याला बिअरस्टोन म्हणतात. मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेट: माल्टमधलं ऑक्झलेट आणि पाण्यातलं कॅल्शियम यांचा संयोग, त्यात प्रथिनं अडकलेली. त्यावर परकार्बोनेटसारखं अल्कलीचं द्रावण एकटं चालत नाही. आधी परकार्बोनेटने वरचा चिकटपणा काढा, धुवा, मग फॉस्फरिक आम्लावर आधारलेल्या क्लीनरने धुवा. हा थर सच्छिद्र असतो, आणि त्यात जंतू लपले की सॅनिटायझर तिथवर पोचत नाही.

स्वच्छ झालंय हे ओळखायचं कसं? आत साधं पाणी ओतून भांडं तिरपं करा. स्वच्छ काचेवर किंवा स्टीलवर पाण्याचा सलग पापुद्रा पसरतो. कुठे पाणी थेंबाथेंबाने फाटत असेल, तर तिथे अजून काहीतरी चिकटलेलं आहे. प्लास्टिकवर ही परीक्षा नीट लागू पडत नाही, कारण पाणी मुळातच त्याला धरत नाही. तिथे बोट आणि नाक वापरा. प्लास्टिक कधीही काथ्याने, तारेने किंवा खरखरीत ब्रशने घासू नका. मऊ कापड किंवा स्पंज, तोही खरखरीत बाजू नसलेला. ओरखड्यात नेमकं तेच होतं जे तोटीच्या फटीत झालं.

एवढं झाल्यावर सॅनिटायझर, आणि आता तो खरोखर काम करतो. स्टार सॅन लिटरला सुमारे दीड मिलिलिटर, पृष्ठभाग एक-दोन मिनिटं ओला राहिला पाहिजे. त्याचा जोर पीएच ३ च्या खाली असेपर्यंतच. जड पाण्यात द्रावण लगेच गढूळ होतं. अशा वेळी पीएचच्या पट्टीने बघा, किंवा डिस्टिल्ड पाण्यात करा म्हणजे आठवडे टिकतं. फेस राहिला तर राहू द्या, त्याने बिअरला काही होत नाही. सॅनिटाइझ केलेलं भांडं नळाच्या पाण्याने पुन्हा धुणं ही मात्र सर्रास दिसणारी गोष्ट आहे, आणि तिने सगळ्या मेहनतीवर अक्षरशः पाणी पडतं. आयोडोफोर हे आयोडीनचं सॅनिटायझरही चांगलं, १२.५ पीपीएमला (दहा लाखात १२.५ भाग) धुवावं लागत नाही. रंग उडाला की द्रावण संपलं असं समजायचं. ते प्लास्टिकवर पिवळट डाग पाडतं, पण त्याने नुकसान नाही.

क्लोरीनचं ब्लीच मी सुचवत नाही. त्याचा अंश राहिला की माल्टमधल्या फिनॉल्सशी संयोग होऊन औषधी पट्टीसारखा वास येतो आणि तो अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. शिवाय ते स्टीलला बारीक खड्डे पाडतं. घरात ब्लीच असेलच तर एवढं पक्कं लक्षात ठेवा: ते स्टार सॅन, व्हिनेगर किंवा कुठल्याही आम्लात कधीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नाही.

रसायनाऐवजी उष्णता वापरता येत असेल तर ती मला जास्त आवडते, कारण ती फटीतही पोचते. वर्ट थंड करायची कॉइल उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत भांड्यातच सोडा, झालं. प्लेट चिलर (पत्र्यांच्या थरांमधून वर्ट थंड करणारं यंत्र) असेल तर त्याच्या आत काय अडकलंय ते दिसत नाही, म्हणून वापरल्याबरोबर उलट दिशेने पाणी सोडून धुणं आणि वापरण्याआधी उकळतं पाणी फिरवणं भाग आहे.

उकळी बंद होईपर्यंत निर्धास्त राहा. वर्ट ६० अंशांच्या खाली उतरली की पुढचा प्रत्येक स्पर्श स्वच्छ हवा. ती लवकर थंड करा, यीस्ट भरपूर आणि ताजं घाला. यीस्टने पहिल्या काही तासांत ताबा घेतला की पीएच उतरतो आणि इतरांना जागा उरत नाही. धान्याच्या टरफलांवर लॅक्टोबॅसिलस नैसर्गिकपणेच असतो, म्हणून माल्ट दळायचं काम फर्मेंटरपासून दूर करा; तो धुरळा बराच वेळ हवेत तरंगतो. फर्मेंटर थंड करताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, तेव्हा तिथे साधं पाणी ठेवू नका, सॅनिटायझर किंवा कडक दारू ठेवा.

यीस्टवर संशय घ्यायला लोक तयार नसतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ साली एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, त्यामागे हीच अडचण होती: बिअर बिघडत होती, आणि कारण होतं यीस्टमध्ये मिसळलेलं जंगली यीस्ट. तुम्ही दुसऱ्या बॅचला पहिल्या बॅचचा गाळ वापरला असेल, तर दोष त्याच वाटेने आला असू शकतो. या दोन्ही बॅचचा गाळ ठेवला असेल तर टाकून द्या. आणि सेझॉन या प्रकारच्या बिअरसाठीच्या काही जातींचं यीस्ट मुळातच डायस्टॅटिकस असतं. अशी एखादी बॅच त्याच फर्मेंटरमध्ये झाली असेल तर तेही ध्यानात घ्या. तिथे ते अपेक्षितच असतं, पण तोटीत राहिलं की पुढच्या बिअरमध्ये तेच त्रासाचं.

आता पुढच्या बॅचला चाचणी घ्या, म्हणजे अंदाजावर राहायला नको. तीन छोट्या काचेच्या बरण्या झाकणांसह पाण्यात उकळून घ्या. वर्ट थंड झाल्यावर, यीस्ट घालण्याआधी, एक नमुना थेट उकळीच्या भांड्यातून घ्या आणि दुसरा फर्मेंटरच्या तोटीतून. तिसरा फर्मेंटरच्या वरच्या बाजूने, उकळलेल्या पळीने. झाकणं सैल ठेवून तिन्ही बरण्या २५ ते ३० अंशांना तीन दिवस ठेवा. स्वच्छ वर्ट तीन दिवस तशीच राहते. गढूळ झाली, बुडबुडे आले किंवा वास बदलला तर तिथे जंतू आहेत. नमुना चाखून बघू नका, यीस्ट न घातलेल्या वर्टला बिअरचं संरक्षण नसतं.

भांड्यातला नमुनाच बिघडला तर दोष थंड करण्याच्या टप्प्यात आहे. फक्त तोटीचा बिघडला तर नवी तोटी आणि नवे वॉशर बसवा, फर्मेंटर तसाच वापरत राहा. तोटीचा आणि वरचा असे दोन्ही बिघडले आणि भांड्यातला चांगला राहिला, तर फर्मेंटर आतून उजेडात धरून ओरखडे बघा. दिसले तर तो धान्य साठवायला काढा. तिन्ही चांगले राहिले तर यीस्ट आणि बाटल्या भरायचं सामान उरतं. नळ्या आणि कांडी या निकालाची वाट न बघताच बदला. आतून पिवळी पडलेली किंवा वास धरलेली नळी कितीही भिजवली तरी पुन्हा भरवशाची होत नाही.